झाडांच्या सावलीतलं गवत

उज्जैनच्या उत्तरेला, क्षिप्रेकाठी भैरवगढ आहे. कालभैरवाचं देऊळ, ठशांच्या आणि बाटिकच्या छपाईचे कारखाने, मध्यवर्ती कारागृह आणि घाटावरचा सिद्धवट, एवढ्यावर या वस्तीची ओळख उभी आहे. सिद्धवटापाशी पितरांसाठी पिंडदान करायला माणसं लांबून येतात. वडाला दूध वाहतात, हात जोडतात. वडाची गोष्ट तिथे कोणीही सांगतं: पार्वतीनं लावला, मोगलांनी तोडला, वर लोखंडी तवे ठोकले, तरी तो फुटून वर आला. विधी चालू असताना यजमानाच्या बोटात दर्भाचं पवित्र असतं आणि विधी संपला की ते काढून टाकलं जातं. हा दर्भ कुठल्या काठावर उगवतो, कोण कापून आणतं, पूर्वी किती होता आणि आता किती उरला, हे मात्र कोणी विचारत नाही.

जंगलाच्या चर्चेतही बरीच वर्षं असंच चाललं. झाडं किती लावली, किती जगली, कुठली लावली यावर वाद झाले. झाडांच्या पायाशी जी गवतं, कंद, आमरी आणि पावसाळी फुलं होती त्यांचं काय झालं, हा प्रश्न जगभरात उशिरानेच पुढे आला. तो बराच अभ्यासला गेला तो पाइनच्या जंगलात. माळव्यात किंवा महाराष्ट्रात पाइनची नैसर्गिक जंगलं नाहीत, पण लावलेल्या झाडांखाली हरवलेला जमिनीलगतचा झाडोरा दोन्हीकडे आहे. तो परत आणावा का, आणता येतो का आणि कसा, याबद्दलचं म्हणणं आज कुठवर आलं आहे ते पाहण्यासारखं आहे.

पाइनखालून सुरुवात

अमेरिकेच्या आग्नेय भागात, व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत, एके काळी सुमारे नऊ कोटी एकरांवर लाँगलीफ पाइनचं जंगल होतं. तोड, शेती आणि भराभर वाढणाऱ्या दुसऱ्या पाइनची लागवड यांत ते तीन-चार टक्क्यांवर आलं. या जंगलाची श्रीमंती वर नव्हती, खाली होती. वर एकच झाड, तेही विरळ. खाली मात्र चांगल्या जागी एका चौरस मीटरमध्ये चाळीसेक जातींच्या वनस्पती. त्यांत मुख्य वायरग्रास नावाचं झुबक्यानं वाढणारं गवत.

पाइन परत लावणं सोपं ठरलं. वायरग्रास मात्र बी धरेना. वनखात्याची माणसं जंगलात नियंत्रित आग लावत, पण सोयीनं, हिवाळ्यात. पुढे लक्षात आलं की हे गवत भरघोस फुलतं ते वाढीच्या दिवसांतल्या, म्हणजे वसंत-उन्हाळ्यातल्या आगीनंतर. त्या प्रदेशात विजा पडून आगी लागतात त्याही याच दिवसांत. तारीख बदलली आणि गोळा करण्याजोगं बी मिळू लागलं. २००९ मध्ये तिथे ८० लाख एकरांचं उद्दिष्ट ठरवून मोठा कार्यक्रम हाती घेतला गेला. त्यातही एकरांचा आकडा झाडांवरून मोजायचा की खालच्या गवतावरून, ही कुरबुर संपलेली नाही.

हिमालयातला चीड हाही पाइनच, पण तो तिथलाच वृक्ष आहे, त्यामुळे उत्तराखंडातला वाद वेगळा. चिडाच्या सुया, स्थानिक भाषेत पिरूल, उन्हाळ्यात जमिनीवर जाड थर करतात. त्यावरून गुरं घसरतात, खालून गवत वर येत नाही आणि ठिणगी पडली की डोंगर पेटतो. काहींच्या मते चीड पसरल्यानं बांजचं, म्हणजे तिथल्या ओकचं, जंगल आणि त्याखालचा ओलावा गेला. दुसरे म्हणतात, आधी बांज चारा-सरपणासाठी ओरबाडला गेला, मोकळ्या जागी चीड आला; दोष चिडाचा नाही. पिरूल उचलून नेला तर खाली गवत येतं, यावर बहुतेकांचं एकमत आहे. २०२४ मध्ये आगींनी हैराण झालेल्या उत्तराखंड सरकारनं पिरूलचा खरेदीदर किलोला ५० रुपये जाहीर केला तो मात्र गवतापेक्षा आगीच्या धास्तीनं.

महाराष्ट्राला जास्त जवळचं उदाहरण सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाचं आहे. तमिळनाडूतल्या पळणी डोंगरात, कोडाईकनालच्या आसपास, उंच माळांवर गवत आणि घळींत शोला नावाची सदाहरित जंगलं अशी रचना होती. माळ 'रिकामे' दिसले, म्हणून तिथे कागदासाठी पाइन आणि निलगिरी, कातडी कमावण्याच्या सालीसाठी वॉटल लावले गेले. १९७३ ते २०१४ या काळातली उपग्रहचित्रं तपासणाऱ्या अभ्यासात इथलं गवताळ क्षेत्र दोन तृतीयांशानं घटल्याचं दिसलं. आता ती झाडं काढावीत असं बऱ्याच जणांना वाटतं. पण जुन्या लागवडीच्या सावलीत काही ठिकाणी शोलाच्या झाडांची रोपं आपोआप उगवली आहेत. सरसकट तोड केली तर तीही जातील आणि उघड्या जमिनीवर वॉटलचं वर्षानुवर्षं साठलेलं बी एकदम उठेल. गवत आणायचं की शोला येऊ द्यायचा, हा पेच तिथे डोंगराच्या उतारागणिक बदलतो.

'पडीक' हा शब्द

महाराष्ट्रात ही चर्चा रोपवनांच्या इतिहासापासून सुरू होते. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीनं देशाच्या एक तृतीयांश भूभागावर जंगल हवं असं म्हटलं. तेवढं जंगल आणायचं कुठून? सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, मैलोन्मैल माळरान होतं आणि सरकारदप्तरी ते 'पडीक' होतं. पुढे भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्या आली: एक हेक्टरहून मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून जास्त झाडांचं छत्र असेल तर ते वनाच्छादन, मग झाड कुठलंही असो. या मोजपट्टीत गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडाची लागवड भरते. कुसळी, पवन्या आणि मारवेल या गवतांचा शंभर वर्षांचा माळ भरत नाही.

आकडे मोठे होत गेले. महाराष्ट्रात २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी असं झाडांचं लक्ष्य चढत गेलं. मध्य प्रदेशानं २ जुलै २०१७ या एका दिवशी नर्मदेच्या खोऱ्यात सहा कोटींहून अधिक रोपं लावल्याचं जाहीर केलं. या मोहिमांवर टीका झाली ती मुख्यतः रोपं जगली का, एवढ्यापुरती. खड्डे जिथे खणले तिथे आधी काय उगवत होतं, हा प्रश्न त्या टीकेतही क्वचितच आला.

खरं तर नुकसान झाडापेक्षा खणण्यानं जास्त होतं. उतारावर सलग समतल चर घेतले जातात. पाणी मुरतं, रोपाला ओल मिळते, हे खरंच. पण बहुवर्षायू गवताची मुळांची गादी आणि त्यात दडलेले कंद त्या चरातून उलटे बाहेर पडतात. उन्हाळ्यात माळ मेलेला दिसतो तेव्हा काळी मुसळी, सफेद मुसळी, आमरी, कंदीलपुष्पं ही सगळी मंडळी जमिनीखाली जिवंत असतात. जेसीबीच्या दातांना हा फरक कळत नाही.

माळ पूर्वी जंगल होते आणि माणसानं तोडून त्यांचा माळ केला, ही समजूतही या इतिहासाचा भाग आहे. काही ठिकाणी ती बरोबर असेल. पण आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या कामात जुन्या मराठी ओव्या, आख्यायिका आणि स्थानकथा वनस्पतींच्या नजरेनं वाचल्या. तेराव्या शतकापासूनच्या या साहित्यात आलेल्या चाळीसहून अधिक रानवनस्पतींपैकी बहुसंख्य, सुमारे दोन तृतीयांश, उघड्या माळरानातल्या निघाल्या. पंढरपूरला कान्होपात्रेच्या आठवणीशी जोडलेली तरटी ही त्याच काटेरी, विरळ झाडोऱ्यातली. देवगिरीच्या यादवांच्या काळातही हा मुलूख बराचसा माळच होता, असं यातून सूचित होतं. हा पुरावा अप्रत्यक्ष आहे, ओवीकार काही वनस्पतींची यादी करायला बसलेला नव्हता. तरी 'इथे दाट जंगलच होतं' हे म्हणणं आता पूर्वीइतक्या सहज करता येत नाही.

टेकडीवरचं भांडण

पुण्याच्या वेताळ टेकडीवर हा वाद चालत्या पायांनी पाहता येतो. सुमारे २,६०० फूट उंचीची ही शहरातली सगळ्यात उंच जागा. वनखात्यानं इथे आणि तळजाई-पाचगाव पर्वतीच्या बाजूला गिरिपुष्प लावलं. हे मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेचं झाड. कोकणात भाताला हिरवळीचं खत म्हणून शेतकरी ते बांधावर लावतात. तिथे त्याला उंदीरमारी म्हणतात. मुरमात जगतं, तोडलं तरी फुटतं, मुळांवाटे जमिनीत नत्र साठवतं. जानेवारी-फेब्रुवारीत पानं गाळून अंगभर गुलाबी फुलतं. फोटो छान येतात.

गोम त्याच्या वेळापत्रकात आहे. मार्च-एप्रिलच्या उन्हात, खाली सावलीची कोणालाच गरज नसताना, गिरिपुष्प उघडं असतं. जूनमध्ये पाऊस पडतो, गवताचं बी रुजतं, कंद कोंब काढतात आणि नेमकं तेव्हाच वर पानांचं छत घट्ट मिटतं. माळरानी गवतं उन्हाची लेकरं. चार महिन्यांच्या हंगामात ऊन नाही म्हणजे वर्षभराचं जेवण नाही. ऑगस्टमध्ये या टेकडीवर दहा पावलं चाललं तरी फरक कळतो. उघड्या कातळाच्या कडेला गुडघाभर कुसळी, त्यात तेरडा आणि सोनकी. दाट गिरिपुष्पाखाली ओल्या, काळ्या पडलेल्या पानांचा चिखल आणि चुकार टाकळा. वाटेच्या कडेला उजेड आणि नत्र दोन्ही मिळतं, तिथे गाजरगवत आणि हल्ली पिवळा कॉसमॉस.

गिरिपुष्पाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. उघडी टेकडी शहराच्या डोळ्यात 'रिकामी' असते. झाडं उभी राहिली की तिला राखणदार मिळतात. महाराष्ट्रात शहरी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. झाड तोडायला परवानगी लागते, हरकती येतात. गवत नांगरायला कसलीच परवानगी लागत नाही. २०२३ मध्ये बालभारती ते पौड रस्ता या नियोजित रस्त्याविरुद्ध वेताळ टेकडीसाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, तेव्हाही फलकांवर झाडंच होती. शिवाय चराईनं आणि वणव्यानं झिजलेल्या उतारावर आधी कोणतंही आवरण येऊ द्यावं, माती धरू द्यावी, मग हळूहळू देशी झाडं घालावीत, असा दाई-झाडाचा विचार वनशास्त्रात जुना आहे. पळणीतली शोलाची रोपं त्याचाच दाखला म्हणून दाखवली जातात.

दुसरी बाजू म्हणते, हा दाखला जंगलाला लागू होतो, माळाला नाही. सावलीत रुजणारं झाड दाईच्या आडोशाला वाढेल. उन्हात वाढणारं गवत तिथेच मरेल. नत्र वाढणं हेही माळावर वरदान नसतं. कसाच्या जमिनीत तणं जिंकतात, हलक्या जमिनीत माळाच्या जाती टिकतात. नेर्लेकर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मांडलेली मोजदाद या बाजूला बळ देते: फक्त भारतीय माळरानांत, सव्हानांत सापडणाऱ्या २०६ प्रदेशनिष्ठ वनस्पती त्यांनी नोंदवल्या आणि त्यांतल्या ४३ टक्के गेल्या दोन दशकांतच विज्ञानाला कळल्या. म्हणजे नावं ठेवायच्या आधीच आपण खड्डे खणत होतो.

या दोन बाजूंमध्ये एक तिसरी गर्दी आहे, संख्येनं सगळ्यात मोठी: गिरिपुष्प काढा आणि देशी झाडं लावा म्हणणारी. वड, पिंपळ, कडुनिंब, मियावाकी पद्धतीनं दाटीवाटीनं लावलेली चाळीस जातींची रोपं. हेतू उत्तम, श्रमदान खरं. पण माळाच्या दृष्टीनं परदेशी सावली जाऊन देशी सावली येते, एवढाच बदल. पिंपळाखालीही पवन्या उगवत नाही.

गवत लावायचं कसं

झाड लावायला खड्डा, रोप आणि पाणी लागतं. गवत परत आणायला काय लागतं, हे महाराष्ट्रात सगळ्यात जास्त अनुभवानं शिकलं गेलं ते मेळघाटात. १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झालेल्या या सागाच्या जंगलातून २००० नंतर बोरी, कोहा, कुंड अशी गावं बाहेर वसवली गेली. मागे शेतं राहिली. ती सोडून दिली तर आपोआप कुरण होईल, अशी अपेक्षा होती. आधी आला तरोटा, मग रानतुळस, कडेनं घाणेरी. चितळ-सांबरांना यातलं काहीच खाता येत नाही.

चिखलदऱ्याच्या महाविद्यालयात शिकवणारे गवततज्ज्ञ डॉ. गजानन मुरतकर यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. पुढे ताडोबा, पेंच आणि मध्य प्रदेशातल्या प्रकल्पांतही वनरक्षकांना गवतं ओळखायला शिकवलं. कामाची रीत ऐकायला साधी आहे. तण फुलायच्या आत उपटायचं, एकदा नव्हे, लागोपाठ काही पावसाळे. घाणेरी वरून छाटायची नाही, खोडाच्या गाठीखाली मूळ तोडून उलटी टाकायची, नाहीतर ती दुप्पट फुटते. पावसाळा सरताना आसपासच्या चांगल्या कुरणातून बी गोळा करायचं. आणि जिथे बियांवर भरवसा नाही तिथे गवताची ठोंबं फोडून, भर पावसात, भातासारखी लावायची.

बियांचा भरवसा का नसतो, हे कुसळीचं एक बी तळहातावर घेतलं की समजतं. टोकाला सुईसारखं अणकुचीदार, मागे बोटभर लांब, पिळलेली शेपटी. पाण्याचा थेंब टाकला की शेपटीचा पीळ सुटू लागतो आणि बी गोल फिरत कशात तरी घुसायला बघतं; सुकलं की पुन्हा पीळ भरतो. मातीत स्वतःला पेरण्याची ही सोय. हेच कुसळ धोतरात, मेंढीच्या लोकरीत आणि बी पेरण्याच्या यंत्रात सारख्याच चिवटपणे अडकतं. शिवाय ताजं बी लगेच रुजत नाही, काही महिने झोपून राहतं. कंत्राटाचं बिल मार्चअखेर निघायचं असतं, तेव्हा अशा बियाण्याची अडचण होते.

मग सोपा मार्ग म्हणून चाऱ्याचे वाण पुढे येतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं मारवेलचे चांगले वाण निवडले आहेत आणि १९६२ पासून झाशीला राष्ट्रीय चारा संशोधन संस्था आहे. बी हमखास उगवतं, जनावरं आवडीनं खातात. पण एकाच जातीचं हिरवंगार कुरण म्हणजे माळ नव्हे, ते चाऱ्याचं शेत, असं वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात. वाघाच्या जंगलात हरणांची संख्या हे उद्दिष्ट असलेल्या अधिकाऱ्याला हा फरक पुस्तकी वाटतो. दोघंही आपापल्या मोजमापानं बरोबर आहेत.

जे सुटलेलं नाही

पहिला गुंता आगीचा आणि चराईचा. अमेरिकेत वनखातंच ठरल्या दिवशी आग लावतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं राखीव वनात आग लावणं आणि परवानगीशिवाय गुरं चारणं गुन्हा ठरवलं. जाळरेषा काढायला आणि काही अभयारण्यांत कुरणं जाळायला खातं आग वापरतं, पण गावकऱ्यानं लावला तो वणवा. सह्याद्रीत दरवर्षी पेटणारे वणवे बेसुमार आहेत, यात शंका नाही. पण वर्षानुवर्षं आगही नाही, चराईही नाही, असा माळ स्वतःच्याच वाळक्या गवताखाली गुदमरतो, हेही दिसून आलं आहे. २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या कासच्या पठारावर कुंपण घातलं तेव्हा गावकरी म्हणत होते, गुरं थांबली तर फुलं कमी होतील. पुढे कुंपण काढलं गेलं. गुरांचा आणि फुलांचा नेमका हिशोब, किती गुरं, कोणत्या महिन्यात, हा मात्र अजून कोणी नीट मांडून दाखवलेला नाही.

दुसरा गुंता वेळेचा. नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० मध्ये जगभरच्या गवताळ प्रदेशांचे आकडे एकत्र केले. नांगरलेला किंवा झाडांखाली गेलेला माळ पुन्हा जुन्या माळाइतका जातिसमृद्ध व्हायला किमान शतक, बऱ्याचदा त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो, असं त्यांना आढळलं. याचा एक अर्थ असा की उरलेला माळ राखणं हे नवा करण्यापेक्षा स्वस्त. पण म्हणून मोडलेल्या माळावर पैसा घालवू नये का? इथे तज्ज्ञांतही दुफळी आहे. पाच-सहा प्रमुख गवतं परत आणली तरी माती धरते, तणमोर पक्ष्याला, लांडग्यांना आडोसा मिळतो, असं एक म्हणतो. दुसऱ्याला भीती वाटते की 'परत करता येतं' असं एकदा कागदावर आलं की शाबूत माळ द्यायला सरकार मोकळं होईल.

तिसरा गुंता पैशाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं ग्रीन क्रेडिटची, म्हणजे लागवडीच्या बदल्यात गुण देण्याची, जी पद्धत जाहीर केली तिच्यात हेक्टरी किमान १,१०० झाडांची घनता धरली होती. अशा चौकटीत माळ मोकळा ठेवण्याला गुण नाहीत, उलट त्यावर झाडं लावण्याला आहेत. गवताचा कार्बन बराचसा जमिनीखाली मुळांत असतो; तो वणव्यात जळत नाही, पण वरून दिसतही नाही आणि मोजायला खर्च येतो.

चित्त्यानं यात अनपेक्षित बदल केला. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोत आणि एप्रिल २०२५ मध्ये उज्जैन विभागातल्या गांधीसागर अभयारण्यात चित्ते सोडले गेले, आणि मध्य प्रदेशात गवताला एकदम सरकारी भाव आला. झाडं विरळ करा, कुरणं वाढवा, हे वाक्य वनखात्याच्या बैठकीत उघडपणे बोलता येऊ लागलं. ते चित्त्यासाठी आहे की गवतासाठी, याची चौकशी सध्या कोणी करत नाही.

माळव्याकडे मात्र त्याआधीपासून एक जुनी व्यवस्था आहे. मराठीत ज्याला कुरण म्हणतात त्याला इथे बीड म्हणतात: पावसाळाभर गुरं बंद, मग कापणी. उज्जैनहून पश्चिमेला, रतलामपलीकडच्या सैलान्यात अशाच बीडांमध्ये पावसाळ्यात तणमोर येतो. गवतावरून उंच उडी मारून मादीला बोलावणारा, कोंबड्याएवढा पक्षी. त्याच्यासाठी १९८३ मध्ये सैलाना आणि धारजवळ सरदारपूर अशी दोन अभयारण्यं झाली. सरकारी हद्द लहान, बरीचशी बीडं खाजगी, आणि शेजारी सोयाबीन. गेल्या काही दशकांत बीडं नांगरली गेली, तणमोर दुर्मीळ झाला. वनखात्यानं शेतकऱ्यांसाठी बक्षीस ठेवलं: शेतात तणमोर दिसला, कळवलं आणि राखला तर रोख रक्कम. ज्या वर्षी पक्षी फिरकत नाही, त्या वर्षी बीड राखणाऱ्याच्या हाती गवताच्या पेंढ्यांचेच पैसे पडतात, आणि बांधापलीकडचा सोयाबीनचा भाव त्याला ठाऊक असतो.